ओळखलंस का मला?

दुचाकीवरून पडून माझ्या मित्राच्या डोक्याला जबर मार लागला होता. अतिदक्षता विभागातून त्याला साध्या खोलीत हलवलं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आत्या, ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले काका. जो तो पलंगाशी वाकून एकच विचारायचा, 'ओळखलंस का मला?' मीही विचारलं. शाळेपासूनची दोस्ती आमची. त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'संजू.' संजू त्याचा मामेभाऊ. मी म्हटलं, 'अरे नीट बघ, आठव, कोण मी?' 'संजू.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी दारात पाऊल ठेवलं आणि मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, 'ये संजू.' अगदी खात्रीनं.

आपण त्याच्या स्मरणशक्तीला चालना देतोय अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी चार दिवस त्याच्याकडून चुकीचं उत्तर पाठ करून घेत होतो.

हे कळलं ते पुढे वाचन करताना. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृती फार दुबळी झालेल्या १६ जणांना त्यांनी शब्दांची यादी शिकवली. एका पद्धतीत शब्दाची पहिली दोन अक्षरं सांगून 'ओळखा बरं' म्हणायचं आणि अंदाज चुकला की बरोबर शब्द सांगायचा. दुसऱ्या पद्धतीत ओळखायला लावायचंच नाही. अक्षरं सांगितली की लगेच शब्दही सांगायचा आणि लिहून घ्यायचा. दुसऱ्या पद्धतीनं हे लोक कितीतरी चांगलं शिकले. शिकताना चूक होऊच द्यायची नाही, ही त्यातली युक्ती.

असं का होतं? आपली एक स्मृती घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवते: 'काल मी संजू म्हणालो, ते चुकलं होतं.' दुसरी मुकाट्यानं काम करते. तोंडून जे एकदा गेलं त्याची वाट ती मळवते, बरोबर की चूक हे तिला कळत नाही. धडधाकट माणसात पहिली स्मृती दुसरीला आवर घालते. डोक्याला जबर मार लागल्यावर बहुतेकदा पहिली कोलमडते आणि दुसरी बऱ्यापैकी शाबूत राहते. मग प्रत्येक चुकलेला अंदाज म्हणजे त्याच चुकीच्या पायवाटेवरून आणखी एक फेरी. मी पाचव्या दिवसापासून आत शिरतानाच माझं नाव सांगायला लागलो. 'मी अमुक, शाळेतला, तुझ्या बाकावरचा. आज शनिवार. सकाळचे दहा वाजलेत.' संजू पुसला जायला दहाएक दिवस लागले.

दुचाकीवरून पडताना डोक्याच्या आत काय घडतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं बरंचसं उलगडतं. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅमचा मेंदू पाण्यात ठेवलेल्या खरवसासारखा असतो, मऊ आणि थरथरता. डोकं आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला खरवस गिरकी घेत राहतो. या गिरकीत चेतापेशींचे लांब धागे, म्हणजे अक्षतंतू, ताणले जातात. ते सगळे त्याच क्षणी तुटत नाहीत. धाग्याच्या आत माल वाहून नेणारे सूक्ष्म रूळ असतात, ते मोडतात. माल एका जागी साचतो, धागा तिथे फुगतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. म्हणून पहिल्या रात्रीच्या सीटी स्कॅनमध्ये कधीकधी फारसं काही दिसत नाही आणि माणूस मात्र डोळे उघडत नाही. १९५६ साली सबिना स्ट्रिच यांनी अशा रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मेंदूच्या खोल भागातले धागे सर्वदूर नष्ट झालेले आढळले.

यातले बरेच लांब धागे कपाळामागच्या भागाला उरलेल्या मेंदूशी जोडतात. कामाला हात घालणं, रागाला लगाम घालणं, एक सोडून दुसरं हाती घेणं, हे सगळं त्यांच्यावर चालतं. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय, कारण घरी गेल्यावर लोक ज्याला 'आळस' आणि 'चिडकेपणा' म्हणतात त्याचं मूळ इथे आहे.

दाखल करताना त्याचा शुद्धीचा आकडा ६ होता. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ही मोजपट्टी तयार केली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. नातेवाईक या आकड्याला शेअर बाजारासारखे चिकटून बसतात, आम्हीही बसलो होतो. पण पुढे काय होईल याचा अंदाज यायला आणखी एक गोष्ट लागते, आणि तिच्याबद्दल भेटायला येणाऱ्यांना कुणीच काही सांगत नाही.

सिनेमात माणूस डोळे उघडतो, 'मी कुठे आहे?' म्हणतो आणि संपलं, शुद्धीवर आला. खऱ्या आयुष्यात डोळे उघडल्यावर एक विचित्र काळ सुरू होतो. माणूस जागा असतो, बोलतोही, पण आत काही नोंदलं जात नाही. सकाळी बायको आलेली दुपारी आठवत नाही. तो नाकातली नळी ओढतो, पलंगावरून उतरू बघतो, आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या देतो. माझ्या मित्रानं त्याच्या आईला अशी शिवी दिली की काकू व्हरांड्यात जाऊन रडत बसल्या. हा काळ २४ तासांहून जास्त चालला तर इजा गंभीर धरतात, आठवड्याहून जास्त तर अतिगंभीर. त्याचा साडेपाच आठवडे चालला. आजही त्याला त्यातलं काही आठवत नाही. काकूंना ती शिवी आठवते.

या काळात मित्रानं करायचं ते अगदी थोडं आहे. एका वेळी एकच माणूस. पंधरा-वीस मिनिटं. टीव्ही बंद, मोबाईल बंद, आवाज खाली. जखमी मेंदूला अनेक आवाजांतून एक आवाज वेगळा काढता येत नाही. चार जण प्रेमानं एकदम बोलले तरी त्याच्यासाठी तो एसटी स्टँड असतो. आपल्याकडे भेटायला जाणं हे कर्तव्य मानतात आणि ते बरोबरच आहे. पण या आजारात दहा माणसं एका दिवशी येण्यापेक्षा एक माणूस दहा दिवस येणं हे कितीतरी जास्त मोलाचं. मी नातेवाईकांची वही केली आणि वेळा वाटून दिल्या. दोघे-तिघे रागावले. वहिनींना मात्र दुपारी दोन तास घरी जाऊन झोपता यायला लागलं.

मग सुधारणा कशी होते? एकाच मार्गानं होत नाही. आधी सूज उतरते. मग दूरवरचे, स्वतः न दुखावलेले भाग पुन्हा चालू होतात. गावातली डीपी जळाली की धड असलेले दिवेही विझतात, तसं मेंदूत होतं. या घटनेला मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टान्टिन फॉन मोनाको यांनी १९१४ सालीच 'डायास्किसिस' असं नाव दिलं होतं. त्यानंतर संथ काम सुरू होतं. शाबूत चेतापेशी नव्या फांद्या काढतात, जुनं काम दुसऱ्या रस्त्यानं होऊ लागतं. बोरघाट बंद पडला तर माळशेजवरून जाता येतं; वेळ लागतो, इंधन जास्त जळतं, पण माणूस पोचतो. 'इंधन जास्त जळतं' हे इथे शब्दशः घ्या. तासभर गप्पा मारल्यावर माझा मित्र दुपारभर झोपतो.

वेग सर्वांत जास्त असतो तो पहिल्या सहा महिन्यांत. त्यामुळे 'दोन आठवडे झाले, काहीच प्रतिसाद नाही' यावरून कुणी आशा सोडू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन आठवड्यांनी डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेतल्या ७९ जणांचा मागोवा घेतला होता. वर्षाच्या आत त्यातले ६२ जण भानावर आले. ते पूर्ववत झाले असा याचा अर्थ नाही. ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी फक्त चौथा हिस्सा लोकांना आपण कोण, कुठे, कधी याचं पूर्ण भान परत आलं होतं. दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवावेत. कुटुंबाला नुसता पहिला सांगणं हे फसवणं आहे आणि नुसता दुसरा सांगणं क्रूर.

अमेरिकेत अर्कान्सातल्या टेरी वॉलिस यांचं उदाहरण तर फारच टोकाचं. १९८४ साली अपघात, आणि २००३ साली, १९ वर्षांनी, पहिला शब्द: 'मॉम'. त्यांच्या लेखी तेव्हाही १९८४ सालच चालू होतं. २००६ साली संशोधकांनी त्यांच्या मेंदूची चित्रं प्रसिद्ध केली, त्यात नवे धागे वाढत असल्याच्या खुणा दिसल्या. असं सहसा घडत नाही आणि त्यावर कुणी हिशेब मांडू नये. पण इतक्या वर्षांनीही मेंदू पूर्ण थांबलेला नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

दवाखान्यातून सुटी मिळाली की गावजेवण होतं, नवस फेडले जातात आणि मग माणसं ओसरतात. खरी गरज तिथून पुढे लागते. डेन्मार्कमधल्या थॉमसन यांनी अशा ४० रुग्णांचा १० ते १५ वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला आणि १९८४ साली निष्कर्ष मांडले. सर्वांत गंभीर अडचणी हातापायांच्या नव्हत्या, स्वभावाच्या आणि माणसांमधल्या वावराच्या होत्या. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा स्वभाव कायमचा बदलला होता. कुबडी सगळ्यांना दिसते, तिला लोक वाट देतात. न दिसणाऱ्या दुखण्याला मात्र दोष मिळतो.

एक रविवार सांगतो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर, मी बाहेरच्या खोलीत. दूध उतू जाऊन करपलं, वास माझ्यापर्यंत आला. गॅस त्याच्यापासून चार हातांवर होता आणि तो शांत बसला होता. मी धावलो, बंद केला, आणि मनात आलं, हा उठलासुद्धा नाही! नंतर लक्षात आलं की त्याला वासच आला नव्हता. नाकाच्या छताला चाळणीसारखं एक हाड असतं. वासाचे नाजूक धागे तिच्या छिद्रांतून वर मेंदूत जातात आणि मेंदू हिंदकळला की ते तिथेच कापले जातात. 'जेवणाला चवच नाही' असं तो तीन महिने म्हणत होता आणि वहिनींना वाटत होतं की आपल्या हाताला नावं ठेवतोय. आता घरात गॅसगळती सांगणारं यंत्र बसवलंय, आणि दूध-भाजी ताजी आहे का हे दुसरं कुणीतरी हुंगून बघतं. मिरगीच्या झटक्यांवरच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, दारू नाही, आणि पुन्हा डोकं आपटेल असं काही नाही, ही तीन बंधनं मित्रांनीही पाळायची आणि पाळायला लावायची.

दुसऱ्या महायुद्धात लेव झासेत्स्की नावाच्या २३ वर्षांच्या रशियन सैनिकाच्या डोक्यात गोळी घुसली, मार्च १९४३ मध्ये. तो वाचला, पण वाचता-लिहिता येईना. अक्षर आठवावं, त्याचा आकार आठवावा, तेवढ्यात शब्द निसटून जायचा. एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं, अक्षरं आठवत बसू नकोस, हात न उचलता सलग लिही. आणि हात लिहू लागला, कारण हाताची सवय वेगळ्या जागी साठवलेली होती. स्वतः लिहिलेलं वाचणं त्याला तरीही फार जड जायचं. पुढची सुमारे २५ वर्षं तो लिहीत राहिला, अंदाजे ३००० पानं, काही दिवस दिवसभरात जेमतेम अर्धं पान. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया त्याच्या आयुष्यात तीन दशकांहून अधिक काळ राहिले. त्यांचं निदान आणि सिद्धान्त प्रसिद्ध आहेत. मला त्यांचं इतकी वर्षं सोबत राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

बार्बरा विल्सन यांनी पुढे २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १४३ लोकांना पेजर दिला होता. 'गोळी घे', 'डबा भर' अशा सूचना ठरलेल्या वेळी त्यावर यायच्या. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांची कामं लक्षणीय सुधारली. आज हे काम कुठलाही मोबाईल करतो. त्याच्या फोनमध्ये आम्ही अकरा गजर लावले आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक पुठ्ठा चिकटवला, मोठ्या अक्षरात: पातेलं. दोन कप पाणी. साखर. आलं. चहा पावडर. उकळी. दूध. गॅस बंद.

शनिवारी दहा वाजता मी जातो. सव्वातीन वर्षं झाली. दारातच नाव सांगतो, आता गरज नसली तरी. तो उठून चहा ठेवतो. परवा साखर टाकून तो थांबला, चमचा हातात, नजर खिडकीबाहेर. माझ्या ओठांवर 'आलं' आलं होतं. चुकणार असेल तर मी सांगतो, पण नुसता थांबला असेल तर मनात दहापर्यंत मोजतो. त्याच्या रस्त्यानं यायला तेवढा वेळ लागतो. सातव्या आकड्याला त्यानं मान वर केली, पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, खाली सरकवत नेलं आणि किसणी घ्यायला वळला.