अंबोसेलीला निघण्यापूर्वी

केनियाची चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी सिंहाचं विचारतात. अंबोसेलीत सिंह आहेत, पण तिथे जायचं ते हत्तींसाठी. गेंडा इथे नाही. तो पाहायचाच असेल, तर केनियातल्याच नाकुरू उद्यानाचा मुक्काम जोडून देतो.

उद्यान तसं लहान, ३९२ चौरस किलोमीटर. नैरोबीहून रस्त्याने चार-साडेचार तास. सगळीकडे धुळीचं माळरान आणि मधोमध मात्र बारमाही हिरवीगार दलदल. किलिमांजारोवरचं पाणी ज्वालामुखीच्या खडकात मुरतं, जमिनीखालून वाहत येतं आणि इथे झऱ्यांतून वर निघतं. पर्वत टांझानियात आहे, तरी त्याचं हिमशिखर इथून छान दिसतं. फक्त पहाटे किंवा संध्याकाळी बघा, दिवसभर तो बहुधा ढगात असतो.

सकाळी कळप माळावरून दलदलीकडे येतात आणि दुपार कलली की परततात. पोटापर्यंत पाण्यात शिरलेली हत्तीण सोंडेने गवताचा जुडगा उपटते, चिखल झटकते, मगच तोंडात घालते. बाहेर आली की खालचं अर्धं अंग काळंभोर आणि वरचं धुळीने राखाडी. कळपाची प्रमुख सर्वांत वयस्क मादी असते. इथे मादीलाही सुळे असतात, त्यामुळे सुळे दिसले म्हणजे नर, असं समजू नका. १९७२पासून इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू आहे. कानांच्या कडांवरच्या खाचांवरून संशोधक एकेक हत्ती ओळखतात. म्हणूनच आमचा आग्रह आहे की किमान दोन रात्री राहा आणि एकाच कळपापाशी तासभर तरी गाडी थांबवा. ताडोबात वाघाच्या कॉलमागे, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा देणाऱ्या प्राण्यांच्या आवाजामागे, धावायची सवय असेल, तर सुरुवातीला हे जड जाईल. पण पिल्लू आईच्या पायांत कसं वावरतं, हे थांबल्याशिवाय दिसत नाही.

फेरी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा याच वेळेत. ड्रायव्हरला रस्ता सोडून गाडी घालायला सांगू नका. नियम आहे आणि चाकांखाली गवत मरतं. निरीक्षण टेकडीसारख्या ठरलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही. मसाई लोकांचे फोटो विचारूनच काढा.

जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने उत्तम. पहाटे गारठा असतो, स्वेटर घ्या. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७पासून बंदी आहे, तेव्हा खाऊ कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा. छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामान १५ किलोपर्यंत आणि बॅग मऊ हवी.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. एकच डोस जन्मभर चालतो. परत येताना भारतात उतरल्यावर दाखला मागतात आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. तो अर्ज आम्ही भरून देतो, पासपोर्टची प्रत तेवढी वेळेवर पाठवा.