फेलओव्हर क्लस्टर : मराठवाड्याच्या संदर्भात

फेलओव्हर क्लस्टर म्हणजे एक सर्व्हर बंद पडला की त्याचे काम दुसऱ्याने आपोआप उचलावे, अशी दोन किंवा अधिक सर्व्हरची जोडणी. जोडणीतल्या प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. वापरणाऱ्याला एकच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) दिसतो. हा व्हर्च्युअल आयपी ज्या नोडकडे काम असेल त्याच्याकडे जातो. टँडम कंपनीची अशा विचाराने बांधलेली यंत्रे १९७६ मध्ये बाजारात आली. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० साठी क्लस्टर सर्व्हर आणला, त्याचे आतले नाव ‘वुल्फपॅक’. लिनक्सवर पेसमेकर आणि कोरोसिंक या सॉफ्टवेअरची जोडी रुळलेली आहे.

गरज कशी असते, ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दिसते. गाळप हंगामात रात्री दोन वाजता उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन पडद्यावर येते, पावती निघते, गाडी गव्हाणीकडे जाते. सर्व्हर बसला की पावती थांबते आणि रांग गेटबाहेर रस्त्यावर येते. ऊस वाळून वजनात घट येते, ती शेतकऱ्याच्या माथी. दुसऱ्या नोडवर दोन मिनिटांत डेटाबेस उभा राहिला, तर ड्रायव्हरचा चहासुद्धा संपत नाही. वर्षभरात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५३ मिनिटे. ते पावणेनऊ तास ऐन हंगामातल्या एकाच रात्री आले, तर टक्केवारी ऐकायला कोणी थांबत नाही.

दुसरा सर्व्हर विकत घेणे सोपे. अवघड आहे ते पहिला खरोखर मेला का, हे ठरवणे. नोड एकमेकांना सतत ‘हार्टबीट’ पाठवतात. ठरावीक ठोके चुकले की समोरचा गेला असे धरतात. पण नुसती मधली केबल निघाली असेल तर? दोघेही जिवंत, दोघेही मालक, आणि दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतात. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात. एका म्यानात दोन तलवारी, आणि कापला जातो डेटा. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला कोरम : बहुमत ज्याच्याकडे, त्यानेच चालायचे. दोन नोडांत बहुमत होत नाही, म्हणून तिसरे मत एखाद्या ‘विटनेस’ला, म्हणजे साक्षीदाराला, देतात; विंडोज सर्व्हर २०१६ पासून ते क्लाउडवरही ठेवता येते. दुसरा फेन्सिंग : संशयित नोडची वीज आधी तोडायची, मगच काम उचलायचे. लिनक्सवाले याला ‘स्टोनिथ’ म्हणतात. त्याचा विस्तार ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ असा आहे. यात एक मेख आहे. वीज तोडण्याचा हुकूम सर्व्हरच्याच मॅनेजमेंट पोर्टला (दुरून सर्व्हर चालू-बंद करण्याच्या जोडणीला) जात असेल आणि त्या सर्व्हरची वीज आधीच गेली असेल, तर उत्तर येत नाही आणि शाबूत नोड नुसता वाट पाहत बसतो. लाइट जाणे नेहमीचे असलेल्या भागात ही मेख कागदावर राहत नाही.

मराठवाड्यात दोन्ही नोड एकाच कारणाने बसण्याचा धोका जास्त. दोन्हींची वीज एकाच यूपीएसवर असते. इंटरनेटच्या लाइन दोन कंपन्यांच्या, पण चर एकच. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी दोन्ही एकदम उचलतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि जनरेटरवर सर्व्हर घेतलेले असतात, एसी राहून गेलेला असतो. यूपीएस शाबूत असतानाही सर्व्हर तापून स्वतःहून बंद होतो. क्लस्टरच्या खर्चाआधी हे तपासावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एका खोलीतल्या क्लस्टरने इमारतीचे रक्षण होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) पट्ट्यातली गावे जमीनदोस्त केली. अशा वेळी लांबच्या शहरातली डेटाची प्रतच उपयोगी पडते. मात्र फायबरमधून दर १०० किलोमीटरला जाऊन येण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणून प्रत्येक नोंदीला तिकडच्या होकाराची वाट न पाहता लांबची प्रत बहुधा थोडी मागे ठेवतात. बॅकअप तर वेगळाच हवा : चुकून पुसलेली नोंद क्लस्टर दुसऱ्या नोडवरही तितक्याच इमानाने पुसतो.

चाचणी मोळीपूजनाच्या आधी घ्यावी, आणि नीट शटडाउन करून नव्हे, चालू नोडची वायर ओढून. काम दुसरीकडे गेले की ते परत आणण्याचे स्वयंचलित फेलबॅक बंद ठेवतात. नाहीतर मिनिटामिनिटाला रीस्टार्ट होणारा आजारी नोड काम ओढून घेत राहतो, आणि काट्यावर पावती पुन्हा पुन्हा अडकते.