कंटेनरवर बसवलेलं छप्पर की कंटेनरवरून नेलेलं सुटं शेड, सोलापुरात कुठं काय चालतं

विजापूर रोडला कॅफे टाकायचाय, सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागेत ऑफिस पाहिजे, नाहीतर हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी शेतात एक खोली करायचीय, आणि त्यासाठी कुणी २० फुटी जुना शिपिंग कंटेनर आणला की मार्च लागायच्या आत फॅब्रिकेटरला फोन जातो, वर पत्रा टाकून द्या म्हणून. मग दोन ठिकाणाहून दोन कोटेशन येतात. एकात कंटेनरच्या माथ्यावरच आखूड खांब उभे करून त्यावर पत्रा असतो, दुसऱ्यात जमिनीतून खांब उठवून कंटेनरच्या वरून अख्खं शेड नेलेलं असतं. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून लोक खालची रक्कम बघतात आणि स्वस्तातलं घेतात, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण वारा सुटला की ही दोन कामं पूर्ण वेगळी वागतात, काळ्या मातीत वेगळी वागतात, आणि उद्या कंटेनर हलवायचा झाला तर तेव्हाही वेगळी. इथून पुढं पहिल्याला बसवलेलं छप्पर म्हणतो आणि दुसऱ्याला सुटं शेड.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याकडं हे छप्पर पावसासाठी नसतं. कंटेनर समुद्रावरून आलेला असतो, त्याचं छत धड असेल तर गळत नाही. आपला प्रश्न ऊन आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि नेमकं तेव्हाच पारा ४२-४४ ला टेकलेला असतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत सगळ्यात जास्त मार भिंतीला नाही, छताला बसतो. आपल्या भागातली जुनी माळवदाची घरं आठवा, वर लाकडावर मातीचा जाड थर, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. कंटेनरच्या छताचा पत्रा असतो २ मिलिमीटरचा, तो कसली वाट बघणार, तापला की लगेच आत फेकतो.

मग लोक म्हणतात आतून ५० मिमी पफ, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर, लावतो की. लावा, त्याचा फायदा होतोच. पण पफ उष्णता कमी करतो, पूर्ण थांबवत नाही, आणि पफ धरायला जो लोखंडी सांगाडा आणि स्क्रू लागतात त्यातून ती थोडी आत येतच राहते. शिवाय साध्या कंटेनरची आतली उंची ७ फूट १० इंच असते, पफ आणि सीलिंग केलं की अजून दोन-तीन इंच गेले, पंखा लावायची पंचाईत. वरून सावली केली तर मूळ छत तेवढं तापतच नाही आणि आतली उंचीही जात नाही. म्हणून पैसे एकाच कामाला असतील तर आधी सावली, मग पफ, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोन्हीतलं काहीच लगेच जमत नसेल तर निदान छताला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट तरी मारून घ्या.

अजून एक तपासणी, ती न करता कुठलंच कोटेशन मागू नका. पोर्टा केबिनलापण लोक सर्रास कंटेनर म्हणतात. चारही कोपऱ्यांना, वर आणि खाली, ओतीव पोलादाचे जाड ठोकळे आणि त्यात लांबट गोल भोकं असतील तर तो खरा शिपिंग कंटेनर. ते ठोकळे नसतील, नुसता अँगल-चॅनेलचा सांगाडा आणि त्यावर पत्रा असेल, तर ती केबिन आहे आणि तिच्या डोक्यावर छप्पर बसवायचा विचार सोडून द्या, तिला सुटं शेडच.

आता बसवलेलं छप्पर. कंटेनर कितीही दणकट असला तरी त्याची ताकद कोपऱ्यांच्या खांबांत आहे, जहाजावर एकावर एक कंटेनर रचतात तेव्हा सगळा भार त्या कोपऱ्यांतून खाली जातो, मधल्या छतावर काही टेकतच नाही. त्या मधल्या छताची आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी काय आहे माहितीय का, ६०० बाय ३०० मिमी जागेवर ३०० किलो. म्हणजे दोन-तीन माणसं वर चढून काम करू शकतील एवढंच. त्यामुळं छताच्या पत्र्यावर मध्येच कुठंतरी बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची लोखंडी पट्टी, ठेवून वेल्डिंग मारणं हे चुकीचं काम आहे, तिथं पत्रा दबतो, खड्ड्यात पाणी साठतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. कंटेनरचं लोखंड कॉर्टेन, म्हणजे गंजाला जास्त टिकणाऱ्या जातीचं, असतं, ते भिजून वाळत राहिलं तर बरं टिकतं पण पाणी साठून राहिलं तर साध्या लोखंडासारखंच सडतं. आखूड खांब कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर पाहिजेत, त्यांच्या भोकांत प्लेट अडकवून बोल्टनं आवळता आले तर सगळ्यात उत्तम, आणि मध्ये आधार लागलाच तर छताच्या कडेनं जी लांब चौकोनी पाइपची रेल जाते तिच्यावर. तेही त्या रेलखालची भिंत शाबूत असेल तरच. कॅफेवाले काउंटरसाठी १०-१२ फूट भिंत कापतात, ती नालीदार भिंतच रेलला धरून असते, ती गेली की रेल मध्ये झोल खाते, तिथं आधी बॉक्स पाइपची चौकट बसवायची आणि मगच वरचा विचार करायचा.

वाऱ्याचं गणित मात्र सगळ्यांनी स्वतः करून बघावं असं मला वाटतं, कारण इथंच दोन्ही कामं वेगळी होतात. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी वळवाचं वादळ कसं येतं ते आपल्याला सांगायला नको, दहा मिनिटांत होर्डिंग आडवी होतात. ताशी १०० किमी वारा धरला तर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब होतो. २० फुटी कंटेनरवर चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढून २४ बाय १२ फुटाचं छप्पर केलं तर ते जवळजवळ २७ चौरस मीटर, म्हणजे वर उचलायचा जोर सव्वा टनाच्या घरात जाऊ शकतो. आणि त्या छपराचं स्वतःचं वजन किती, ०.५ मिमीचा पत्रा सव्वाशे किलोच्या आसपास, पाइपचा सांगाडा धरून फार तर तीन-साडेतीनशे. म्हणजे आपल्याला छप्पर उचलून धरायची काळजी कमी आणि खाली दाबून धरायची जास्त करायचीय, आणि बहुतेक लोक याच्या बरोबर उलटा विचार करतात.

बसवलेल्या छपरात ते दाबून धरायचं काम कंटेनरच करतो, रिकामा २० फुटी कंटेनर सव्वादोन टनाचा असतो, वर आतलं फर्निचर. हा त्याचा मोठा गुण. पण वारा कंटेनरच्या बाजूलाही ढकलत असतो आणि वरून छप्पर ओढत असतं, दोन्ही एकदम, म्हणून कंटेनर नुसता चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवून चालत नाही, खालचे कोपरे काँक्रीटमध्ये बसवलेल्या प्लेटला जोडून घ्यायचे. सुट्या शेडला ही सोय नाही. तिथं तो सव्वा टन प्रत्येक खांबाच्या बुडाशी असलेल्या काँक्रीटनं धरायचा असतो. दोन फुटी खड्डा, त्यात पाइप उभा, वरून गाडाभर काँक्रीट, असं काम मी जागोजागी बघतो, सहा खांब असले तरी एका खांबाला दोनशे किलोच्या वर ओढ येते आणि कोपऱ्यातल्या खांबाला त्याहून जास्त, याचा हिशोब कुणी मागत नाही.

आणि माती. सोलापूरच्या आजूबाजूला काळी माती कशी आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत वरच्यावर घेतलेलं फाउंडेशन वर-खाली होणारच, एक खांब थोडा उचलला, दुसरा बसला, की ट्रस, म्हणजे पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा, पिळतो आणि पत्र्याची स्क्रूची भोकं मोठी होतात. सुटं शेड करायचं तर मुरूम लागेपर्यंत खोदा, कुठं तो तीन फुटावर लागतो कुठं आठवर, आणि म्हणूनच एका गावातला रेट दुसऱ्या गावात लावता येत नाही. बसवलेल्या छपराला याचा त्रास कमी, कारण माती हलली तर कंटेनर आणि छप्पर दोन्ही मिळून हलतात.

यावरूनच तिसरा प्रकार येतो, जो मला सगळ्यात जास्त खटकतो आणि जो सगळ्यात जास्त दिसतो. पुढं पडवी पाहिजे म्हणून पत्र्याची एक बाजू कंटेनरच्या रेलला वेल्ड आणि दुसरी बाजू जमिनीतल्या खांबांवर. एक पाय कंटेनरवर, एक पाय काळ्या मातीत. कंटेनर बसतो वेगळा, खांब उचलतात वेगळे, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जोडावरचं वेल्डिंग तडकतं किंवा जोडातून पाणी कंटेनरच्या भिंतीवर उतरायला लागतं. पडवी पाहिजेच ना, मग कंटेनरपासून पूर्ण सुटी करा, पडवीचा पत्रा कंटेनरच्या छपराखाली सरकवून घ्या, दोघांत दोन-तीन इंच मोकळे ठेवा, पाऊसही अडतो आणि कुणी कुणाला ओढतही नाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकारांचा नियम एकच आहे आणि तो दोन्हीकडं मोडला जातो. छप्पर आणि कंटेनरचं छत यांच्यात फूट-दीड फूट मोकळी जागा पाहिजे आणि ती चारी बाजूंनी उघडी पाहिजे. दिसायला बरं नाही म्हणून कडेनं पत्र्याची पट्टी मारून ती जागा बंद करतात, मग तापलेली हवा आतच कोंडते आणि खर्च केलेल्या सावलीचा निम्मा फायदा गेला. पाखरं घरटी करतात ही खरी अडचण आहे, त्याला जाळी लावा, पत्रा नको. वरच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला चकाकी असलेली फॉइल लावली तर अजून चांगलं, कारण तापलेला पत्रा खालच्या दिशेनं जी धग टाकतो ती फॉइल बरीच कमी करते. आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कुठलंच छप्पर अडवत नाही, त्यासाठी कंटेनर ठेवतानाच लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतील असा ठेवायचा, म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या उन्हासमोर फक्त ८ फुटी टोकं येतात.

४० फुटी कंटेनर असेल तर अजून एक गोष्ट बघावी लागते. वरचा पत्रा उन्हात, खालचा कंटेनर सावलीत, दोघांच्या तापमानात ३०-४० अंशांचा फरक पडला तर १२ मीटर लांबीत ४-६ मिमीचा फरक पडतो, रोज दुपारी ताणलं रोज रात्री आखडलं. बसवलेल्या छपरात सगळं वेल्ड करून टाकलं तर तो ताण वेल्डिंगवर येतो, म्हणून एका टोकाला बोल्टची भोकं लांबट ठेवायची. सुट्या शेडला हा प्रश्नच येत नाही.

माझ्यापुरतं मी असं ठरवतो. एकच २० फुटी कंटेनर, जागा भाड्याची किंवा पाच वर्षांनी हलवायची शक्यता, खाली काळी माती, तर कोपऱ्यांवर बोल्टनं बसवलेलं छप्पर. दोन कंटेनर शेजारी ठेवून मध्ये अंगण करायचंय, ४० फुटी आहे, भिंती बऱ्याच कापल्यात, किंवा आत्ता नाही पण पुढं वर सोलर लावायचंय, तर सुटं शेड, आणि खोदाईत कंजुषी करायची नाही. सुट्या शेडचा एक तोटा आधीच धरून चाला, कंटेनर उचलायला क्रेनला वरून कोपरे लागतात, त्यामुळं शेड नेहमी कंटेनर ठेवल्यानंतर उभं करायचं आणि कंटेनर काढायच्या वेळी पत्रा खोलावा लागणार. बसवलेल्या छपरातही ते सोडवावंच लागतं, पण बोल्टचं असेल तर सांगाडा खोलून त्याच ट्रकमधून जातो.

बसवलेल्या छपराचं वेल्डिंग काही राहिलं असेल तर ते आत पफ आणि प्लाय लावायच्या आधी उरकून घ्या, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, वरून वेल्डिंग चालू असताना आत पफनं पेट घ्यायला वेळ लागत नाही. आणि जिथं जिथं रंग जळालाय तिथं घासून प्रायमर आणि रंग त्याच दिवशी.

राहिलं पाणी. २४ बाय १२ च्या छपरावर वर्षाला ५०० मिमी पाऊस धरला तरी १३ हजार लिटरच्या वर पाणी येतं आणि ते बरोबर कडेनं, म्हणजे खांबांच्या किंवा कंटेनरच्या कोपऱ्यांच्या बुडाशी पडतं, काळी माती नेमकी तिथंच फुगते. खालच्या कडेला गटर लावून पाइपनं ते पाणी निदान दहा फूट लांब काढा, टाकी असेल तर टाकीत, नाहीतर डाळिंबाच्या ओळीत.