कार्डावरून बूट होण्यामागची पार्श्वभूमी

गोव्यातील शाळा-महाविद्यालयांत कोडिंग आणि रोबोटिक्सकडे ओढा वाढल्यापासून हार्ड डिस्क नसलेले, मायक्रोएसडी कार्डावरून सुरू होणारे छोटे संगणक विद्यार्थ्यांना अपरिचित राहिलेले नाहीत. कार्ड काढले की असा बोर्ड काहीच करत नाही, एवढे साऱ्यांनाच ठाऊक असते. पण वीज आल्यापासून कार्डावरील पहिली आज्ञा चालेपर्यंत काय घडते, हे समजून घेण्यासाठी कार्डात वापरल्या जाणाऱ्या, वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या फ्लॅश स्मृतीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती विकसित केली. तिच्या नॉर प्रकारात प्रोसेसरला हवा तो बाइट थेट वाचता येतो, त्यामुळे प्रोग्रॅम जागच्या जागी चालवता येतो. १९८७ मध्ये मांडला गेलेला नँड प्रकार स्वस्त आणि दाट, पण तो पानापानानेच, म्हणजे बऱ्याच बाइटच्या ठराविक गटांनीच वाचावा लागतो, त्यातले काही ब्लॉक कारखान्यातूनच निकामी येतात आणि वापराने उरलेलेही झिजतात. ही सारी गैरसोय झाकण्यासाठी कार्डाच्या आतच एक नियंत्रक बसवला गेला. चुका दुरुस्त करणे, झीज सर्वत्र सारखी विभागणे आणि बाहेरून मागितलेला ब्लॉक आत प्रत्यक्ष कुठे आहे याचा तक्ता सांभाळणे, ही कामे तोच करतो. १९९७ चे मल्टिमीडिया कार्ड आणि पॅनासॉनिक, सॅनडिस्क व तोशिबा यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेले एसडी कार्ड याच रचनेवर उभे आहेत.

या सोयीची किंमत बूट होताना, म्हणजे यंत्र सुरू होताना मोजावी लागते. कार्डावरील प्रोग्रॅम थेट चालवता येत नाही, तो आधी वाचून रॅममध्ये आणावा लागतो, आणि वाचण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम आधीच कुठेतरी असावा लागतो. म्हणून प्रोसेसरच्या चिपमध्ये एक छोटा, न बदलता येणारा बूट रॉम कोरलेला असतो. तो चिपमधील यजमान नियंत्रकाकडून, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या भागाकडून, कार्डाला प्रथम किमान ७४ घड्याळी स्पंद देतो, तेही ४०० किलोहर्ट्झपेक्षा अधिक नसलेल्या संथ गतीने. मग शून्य क्रमांकाची आज्ञा कार्डाला मूळ स्थितीत आणते, आठव्या आज्ञेतून कार्ड नव्या पिढीचे आहे का ते कळते, आणि त्यानंतर ‘तयार आहेस का’ हा प्रश्न कार्ड होकार देईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला जातो. या प्रतीक्षेला एसडी मानकाने एक सेकंदापर्यंत मुभा दिली आहे, कारण कार्डातला नियंत्रक हाही एक लहानसा संगणकच आहे आणि त्यालाही आधी स्वतः सुरू व्हावे लागते.

ही आठवी आज्ञा २००६ च्या सुमारास, २ जीबीच्या वरची एसडीएचसी कार्डे आली तेव्हा मानकात शिरली. जुन्या कार्डात पत्ता बाइटमध्ये मोजला जाई, नव्यात तो ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजला जाऊ लागला. त्याआधी कोरलेल्या बूट रॉमना हा फरक कळण्याचा मार्गच नव्हता. नवे कार्ड चांगले असूनही जुने यंत्र त्यावरून बूट होत नसे, आणि रॉम बदलता येत नसल्याने त्यावर इलाजही नसे. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग हाच आहे.

पुढचा मार्ग प्रत्येक उत्पादकाने आपापला काढला. ऑलविनरचा बूट रॉम कार्डाच्या आरंभापासून ८ केबी अंतरावर छोटा लोडर शोधतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या २०१२ च्या पहिल्या पिढीत आधी ग्राफिक्स प्रोसेसर जागा होऊन कार्डाच्या फॅट पद्धतीने मांडलेल्या विभागातली ‘बूटकोड’ नावाची फाइल वाचतो, मुख्य एआरएम प्रोसेसर त्यानंतर चालू होतो. २०१९ च्या चौथ्या पिढीत हा टप्पा बोर्डावरच्याच वेगळ्या ईईप्रॉम चिपमध्ये हलवला गेला. ईएमएमसीने, म्हणजे बोर्डावर कायमच्या बसवलेल्या, कार्डासारख्याच साठवण चिपच्या मानकाने, ४.३ या आवृत्तीत आणखी सोपी वाट दिली : आज्ञेची तार ठराविक काळ शून्यावर धरली की चिप आपल्या बूट विभागातील मजकूर आपणहून पाठवू लागते. एसडी मानकात बूटची खास सोय यायला मात्र २०२२ ची ९.० आवृत्ती उजाडावी लागली.

पावसाळ्यात अचानक वीज जाणे गोव्यात कोणाला नवे नाही. कार्डावर लेखन चालू असताना ती गेली, तर फाइलच अर्धवट राहते असे नाही, कधी नियंत्रकाचा तक्ताही बिघडतो, आणि मग कार्ड ‘तयार आहेस का’ या प्रश्नाला होकारच देत नाही. कायम चालू ठेवायच्या बोर्डावर मुख्य विभाग केवळ वाचनासाठी ठेवावा, असा आग्रह जाणकार धरतात तो यासाठीच.