स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्याला लढाऊ विमानांचा आवाज काही नवा नाही. १९८५ पासून मिराज इथल्याच महाराजपूरच्या तळावर आहेत. तरी परवा गच्चीवर शेजारचे काका ठासून म्हणाले, "विमान स्टॉल झालं म्हणजे इंजिन बंद पडलं. चढावर स्कूटर बंद पडते तसं."

नाही हो काका! स्टॉल होतो तो पंख. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंख जितका तिरपा, तितकी उचल जास्त, पण साध्या पंखाला ती साधारण १५ अंशांपर्यंतच. त्यापुढे वारा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटतो आणि मागे नुसते भोवरे उरतात. इंजिन गर्जत असलं तरी उचल ढासळते.

या हद्दीपलीकडे मुद्दाम जाऊनही विमान हातात राहील का, हे बघायला अमेरिका आणि जर्मनीनं मिळून एक्स-३१ बांधलं. ११ ऑक्टोबर १९९० ला ते पहिल्यांदा उडालं आणि ६ नोव्हेंबर १९९२ ला ७० अंशांवर ताब्यात राहून उडालं. नाक जवळजवळ आभाळाकडे!

अडचण अशी की इतक्या तिरप्या विमानाचं शेपटीवरचं सुकाणू धडाच्या आडोशाला जातं. वाराच नीट लागत नाही, तर ते ढकलणार कशाला? म्हणून इंजिनाचा झोत मागे जिथून सुटतो, त्या तोंडाशी कार्बनची तीन पाती बसवली. पातं झोतात शिरलं की झोत वळतो आणि शेपटी उलट बाजूला सरकते. तर काका, इंजिन येतं ते इथे.

मला मात्र खरं वेड आहे ते नाकाचं. तिरप्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवेचे दोन पीळ सुटतात. दोन्ही सारखे असले तर ठीक. पण एक पीळ नाकाला चिकटून राहिला आणि दुसरा आधी सुटला, तर दोन बाजूंचा दाब वेगळा होतो आणि नाक आपोआप एकीकडे ओढलं जातं. वैमानिकानं काहीही केलेलं नसताना! नाकाच्या टोकाचा बारीकसा उंचसखलपणाही याला पुरतो. एक्स-३१ वर इलाज काय केला? नाकावर खरखरीत पट्टे चिकटवले, टोक किंचित बोथट केलं आणि बाजूंना अरुंद पट्ट्या लावल्या. कोट्यवधींच्या विमानाला जवळपास सॅंडपेपर!

२९ एप्रिल १९९३ ला या विमानानं स्टॉलच्या पलीकडे जाऊन अगदी थोड्या जागेत १८० अंशांचं वळण घेतलं. व्हिडिओ बघून 'आता शत्रू संपलाच' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की अशा वळणात वेग पार खर्ची पडतो आणि मंदावलेलं विमान दुसऱ्या शत्रूला आयतंच सापडतं.

१९ जानेवारी १९९५ ला दोनांपैकी एक एक्स-३१ पडलं, पण ना स्टॉलमुळे ना इंजिनामुळे. वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ साचला, संगणकाला वेग चुकीचा कळला आणि विमान आवरेना. वैमानिक बाहेर उडी मारून वाचला. चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांनी ऐकावं, तिथे कमी होती ती एका जोडणीची: कॉकपिटमध्ये नळी तापवायचं बटण होतं, पण नळीला हीटर जोडलेलाच नव्हता. खाली काही जणांना ते ठाऊक होतं, वैमानिकाला नव्हतं.