उद्यानविद्या व शाश्वत भूदृश्यरचना : पदवी शिक्षण

फळे, भाज्या, फुले, मसाल्याची व औषधी पिके आणि शोभेची झाडे यांच्या लागवडीचे शास्त्र म्हणजे उद्यानविद्या. बागा, रस्त्याकडेची झाडे, सोसायट्यांतील मोकळ्या जागा आणि टेकड्यांचे उतार यांची आखणी, लागवड व निगा म्हणजे भूदृश्यरचना. बोलण्यात तिला सरसकट ‘लँडस्केपिंग’ म्हणतात. ही कामे जमिनीच्या मगदुराप्रमाणे आणि बाहेरून आणावे लागणारे पाणी, खत, माती व औषधे शक्य तितकी कमी वापरून कशी करायची, हा शाश्वत उद्यानविद्येचा गाभा. महाराष्ट्रात हा अभ्यास मुख्यतः बी.एस्सी. ऑनर्स उद्यानविद्या या चार वर्षांच्या पदवीतून होतो.

संस्था व अभ्यासक्रम : राज्यात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (१९६८), अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) आणि परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे (दोन्ही १९७२) अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. पुणे, अकोला, परभणी, दापोली आणि कुडाळ तालुक्यातील मुळदे येथे उद्यानविद्येचे पदवी शिक्षण मिळते. बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी हा प्रवेशाचा नेहमीचा रस्ता. १९९० पासून रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाल्यावर राज्यात कलमांची आणि ती जाणणाऱ्या माणसांची मागणी झपाट्याने वाढली. या शिक्षणाचा कल फळपिकांकडे झुकलेला दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पदवी आठ सत्रांची असते. प्रत्येक विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) ‘२+१’ अशा पद्धतीने लिहितात, म्हणजे आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि दोन तासांचे एक प्रात्यक्षिक. मृदाशास्त्र, वनस्पती शरीरक्रिया, अभिवृद्धी (नवी रोपे तयार करणे) व रोपवाटिका, पाणी व्यवस्थापन, कोरडवाहू फळशेती, संरक्षित शेती, फुलशेती, हिरवळ व्यवस्थापन, काढणीपश्चात तंत्र, कीड व रोग असे विषय टप्प्याटप्प्याने येतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आता पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. त्यासाठी दहा आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. भूदृश्यरचनेच्या वाट्याला या पदवीत मोजकेच श्रेयांक येतात. इमारती, पायवाटा, पाण्याचा निचरा आणि चढउतार यांची सखोल आखणी शिकायची तर वास्तुकलेच्या पदवीनंतर भूदृश्य वास्तुकलेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. प्रत्यक्ष कामावर दोघांची गरज पडते. वास्तुविशारदाच्या नकाशावर हिरव्या वर्तुळाने दाखवलेले झाड त्या मातीत जगेल की नाही, हे उद्यानविद्येच्या पदवीधराने सांगायचे असते.

माती : जागा हाती घेतल्यावर पहिले काम मातीचे. नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे २० सें.मी. खोल खड्डा करतात आणि त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती घेतात. अशा आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो उरवतात. फळबागेसाठी मात्र ९० सें.मी.पर्यंतच्या थरांचे वेगळे नमुने लागतात, कारण झाड मरते ते बहुधा खालच्या चुनखडीमुळे किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या थरामुळे.

निचऱ्याची चाचणी साधी आहे. लांबी, रुंदी आणि खोली ३० सें.मी. असलेला खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि पातळी किती उतरते ते मोजायचे. तासाला २.५ सें.मी.पेक्षा कमी उतरली तर निचरा अपुरा. काळ्या मातीत हा प्रश्न हमखास येतो. जेसीबीच्या बकेटने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात. आत लाल माती आणि शेणखत भरले की पावसाचे पाणी त्या भुसभुशीत मातीत उतरते, पण भिंतीतून बाहेर जात नाही. खड्ड्याचा हौद होतो आणि मुळे कुजतात. म्हणून भिंती कुदळीने खरवडून घ्याव्यात, भरावात खड्ड्याचीच निम्म्याहून अधिक माती वापरावी आणि जमीन चिबड (पाणी साचून राहणारी) असेल तर खड्डा न करता वरंब्यावर लागवड करावी.

चुनखडीच्या जमिनीत गुलाब, एक्झोरा आणि लिंबूवर्गीय झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण सामू (मातीची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) ७.५ च्या वर गेला की ते मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकले तर तेही अडकून पडते. लोह मुळांना मिळेल अशा रूपात धरून ठेवणाऱ्या संयुगाला चिलेट म्हणतात. बाजारात सहज मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू ७ च्या वर टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे टिकते, पण महाग पडते. त्या जागी एक्झोरा न लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि शाश्वत भूदृश्यरचनेतले बरेचसे निर्णय याच जातीचे असतात.

पाण्याचा हिशेब : हा या अभ्यासाचा कणा. झाडांचा आराखडा काढण्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडावा, असे आम्ही आग्रहाने म्हणू. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे होते. सूत्र असे : संदर्भ बाष्पोत्सर्जन × पीक गुणांक × क्षेत्रफळ ÷ सिंचनाची कार्यक्षमता. संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणजे त्या हवामानात प्रमाण मानलेल्या गवतातून व त्याखालच्या जमिनीतून हवेत जाणारे पाणी, आणि पीक गुणांक म्हणजे त्याच्या तुलनेत आपल्या झाडांना लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण. १ चौ. मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे १ लिटर, हे लक्षात ठेवले की बाकी अंकगणित सोपे आहे. उन्हाळ्यात दिवसाला ६ मि.मी. बाष्पोत्सर्जन धरू. ५०० चौ. मीटर हरळीच्या लॉनचा गुणांक ०.७ घेतला तर गरज २,१०० लिटर. तुषार सिंचनाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर रोज २,८०० लिटर सोडावे लागतात. त्याच जागेवर कमी पाण्याची झुडपे लावली, गुणांक ०.३ आणि ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १,००० लिटर पुरतात. आता १०० चौ. मीटर छतावर ७०० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के साठवता आला, तर वर्षाला ५६,००० लिटर मिळतात. लॉनला ते वीस दिवस पुरतील, झुडपांना छप्पन्न दिवस. वर्गात हे गणित एकदा सोडवलेला विद्यार्थी ग्राहकाच्या ‘सगळीकडे लॉन करा’ या मागणीला आकड्यांनी उत्तर देऊ शकतो.

लॉन हवेच असेल तर खेळण्या-बसण्यापुरते असावे. हरळीला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते. दोन इमारतींच्या मधल्या सावलीत ती विरळ होत जाते आणि तिथे शेवाळ व लव्हाळा शिरतो. अशा जागी सावली सोसणारी भूआच्छादक झाडे किंवा पाणी जिरवणारी खडीची जमीन बरी.

ठिबक संच बसवला म्हणजे पाणी वाचले असे होत नाही. कडक पाण्यातील क्षार ड्रिपरमध्ये साचतात. प्रात्यक्षिकात ड्रिपरखाली डबे ठेवून ठरावीक वेळात जमा झालेले पाणी मोजतात. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या एक चतुर्थांश ड्रिपरच्या सरासरीला एकूण सरासरीने भागले आणि उत्तर ८० टक्क्यांच्या खाली आले तर गाळणी व नळ्या धुवायला काढाव्यात. शहरांत सांडपाणी प्रकल्पाचे प्रक्रिया केलेले पाणी बागेला वापरतात. ते वापरण्याआधी विद्युतवाहकता (पाण्यातील क्षारांचे माप) तपासावी : ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत काळजी नाही, ३ च्या वर गेली तर बहुतेक शोभेची झाडे पानांच्या कडा करपून ते सांगतात. काळ्या मातीत सोडियमही पाहावा लागतो, कारण त्याने मातीची रचना मोडते आणि निचरा आणखी बिघडतो.

रोपवाटिका : हात तयार होतात ते इथे. दापोलीच्या विद्यापीठाने प्रसारात आणलेले आंब्याचे कोय कलम प्रत्येक विद्यार्थ्याला बांधावे लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोयी रुजत घालतात. कोंब आठ-पंधरा दिवसांचा, पाने तांबूस आणि कोवळी असतानाच त्याचा शेंडा छाटून मधोमध ३-४ सें.मी. खोल चीर देतात. मातृवृक्षावरची तीन-चार महिन्यांची, कोंबाच्या जाडीची, १०-१५ सें.मी. लांब काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडीची पाने आठवडाभर आधी देठ ठेवून कापलेली असावीत. देठ गळून डोळे फुगले की काडी तयार समजावी. कोंबाची पाने हिरवी झाल्यावर बांधलेली कलमे कमी जगतात, कारण कोयीतला अन्नसाठा तोवर संपत आलेला असतो. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. पट्टी वेळेवर सोडली नाही तर जोडावर आवळ बसून पुढे झाड वाऱ्यात तिथेच मोडते.

फांदीच्या छाट्यांना मुळे फुटण्यासाठी आयबीए हे संजीवक वापरतात. बोगनवेलीसाठी १५-२० सें.मी. लांबीची, पेन्सिलच्या जाडीची पक्व काडी घेऊन खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली देतात आणि तो २,००० पीपीएम (लिटरला २ ग्रॅम) द्रावणात पाच-दहा सेकंद बुडवतात. द्रावण करताना २ ग्रॅम पावडर थेट पाण्यात टाकली तर ती विरघळत नाही, गाठी होऊन तरंगते. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालत १ लिटर करायचे. काडीचे वरचे टोक तिरपे आणि खालचे सरळ कापण्याची शिस्तही उपयोगी आहे, नाहीतर घाईत काड्या उलट्या रोवल्या जातात.

झाडांची निवड : ताम्हण, बहावा, पळस, पांगारा, करंज, बकुळ, सीताअशोक, कुंती, धायटी, मुरुडशेंग, अडुळसा, निर्गुडी ही नावे विद्यार्थ्याने नुसती पाठ करून भागत नाही. नदीकाठी रमणारा सीताअशोक पठारावरच्या उघड्या उन्हात करपतो. पळस मुरमाड आणि काळ्या, दोन्ही जमिनींत तग धरतो. ‘देशी’ एवढा एकच निकष लावला की अशा चुका होतात. झाड कोणत्या जमिनीतले, किती पावसातले, शेजारी कोणत्या झाडांबरोबर वाढणारे, हे पाहावे लागते. विदेशी झाडे सरसकट वाईट नसतात, पण सुटून पसरणारी ओळखता आली पाहिजेत. शोभेसाठी आणलेली घाणेरी आणि जलपर्णी आज काढता निघत नाही. झटपट हिरवळ म्हणून टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडिया) गवतही धड येत नाही. कोनोकार्पस या शोभेच्या विदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. एकाच जातीची रांग हाही धोकाच. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने एकामागून एक वाळलेले पर्जन्यवृक्ष हे त्याचे उदाहरण शिकवण्यासारखे आहे.

लागवड व निगा : पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गोल फिरलेली असतात. तशीच लावली तर काही वर्षांनी तीच बुंध्याला आवळतात. पिशवी काढून मुळांच्या गोळ्यावर तीन-चार उभे काप द्यावेत. खोडापासून मुळे फुटतात तो फुगीर भाग जमिनीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला की साल कुजते. पालापाचोळ्याचे ७-१० सें.मी. आच्छादन द्यावे, पण खोडापासून चार बोटे दूर. काठीचा आधार वर्षभरात काढावा, नाहीतर खोड स्वतःची ताकद कमावत नाही.

जाड फांदी तीन कापांत काढतात : खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेले कडे शाबूत ठेवून. खालचा काप चुकवला तर फांदी पडताना साल खोडापर्यंत ओरबाडून नेते. फळबागेत जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात : मोरचूद व चुना प्रत्येकी १ किलो, पाणी १० लिटर. रस्त्यावरच्या मोठ्या झाडांवर अशा लेपाचा फारसा उपयोग नसतो. काप योग्य जागी असेल तर झाड जखम स्वतः झाकते.

बागेतला पाला जाळू नये, हे सगळेच सांगतात. ढीग का कुजत नाही ते कोणी सांगत नाही. वाळलेल्या पानांत कर्ब (कार्बन) फार आणि नत्र (नायट्रोजन) कमी. कर्ब-नत्र प्रमाण ३०:१ च्या आसपास आणायला लॉनची कापणी, शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळावा लागतो. ढीग निदान १ मीटर लांब, रुंद व उंच असावा, म्हणजे आत ५५-६० अंश सेल्सिअस उष्णता धरते. मूठभर माल पिळल्यावर थेंब-दोन थेंब आले तर ओल बरोबर. वास सुटला तर पाणी जास्त किंवा हवा कमी. ढीग उलथावा आणि कोरडी पाने घालावीत.

कार्यानुभव आणि नोकरी : शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभवासाठी गावात राहतात. गावात त्यांना उद्यानदूत, उद्यानकन्या म्हणून ओळखतात. माती परीक्षण, बोर्डो मिश्रण, छाटणी यांची प्रात्यक्षिके ते शेतकऱ्यांना दाखवतात. शहरी भूदृश्यरचनेत काम करू इच्छिणाऱ्यांनी याच्या जोडीला एखाद्या बागेचा सबंध उन्हाळा सांभाळून पाहायला हवा. अभ्यासक्रमात देखभालीला मिळणारी जागा अपुरी आहे.

पुढे रोपवाटिका, बाग कंत्राटदारी, हरित इमारतींचे प्रकल्प, कृषी खाते, बँका आणि महापालिकांचे उद्यान विभाग अशा वाटा असतात. महापालिकेत काम करणाऱ्याला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ माहीत असलाच पाहिजे. वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना त्यातून आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडे वारसा वृक्ष ठरली आणि तोडायच्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. त्यामुळे झाडाचे वय अदमासे ठरवणे हे आता रोजच्या कामाचे कौशल्य झाले आहे : खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, त्या जातीच्या वाढीच्या वेगाशी ताडायचा, आणि जुने नकाशे, छायाचित्रे व आसपासच्या वयस्कर रहिवाशांच्या माहितीशी पडताळायचा.