केसपेपरवर नसलेला रकाना : लघवी सुटणे आणि लैंगिक स्वास्थ्य

सांगली-साताऱ्याकडची बाई सिस्टरला सांगते ती एवढंच, ‘खोकला आला की लघवी सुटते.’ संबंधाच्या वेळीही सुटते, म्हणून नवऱ्याजवळ जायचं टाळते, हे ती क्वचितच बोलते. केसपेपरवर त्याला सहसा रकानाच नसतो. मिरजेचं मिशन रुग्णालय १८९४ चं, म्हणजे शुश्रूषा या भागाला नवी नाही. हा प्रश्न निसटला तो मुळात उपचारांच्या इतिहासातच.

१९४८ मध्ये आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या ओटीतळाच्या, म्हणजे मूत्राशय-गर्भाशय खालून पेलणाऱ्या, स्नायूंसाठी व्यायाम मांडला. त्यासाठी त्यांचं एक यंत्र होतं, पेरिनिओमीटर. हवेचा छोटा फुगा योनीत ठेवायचा, त्याला दाबाचा काटा जोडलेला. स्नायू खरोखर आवळले जातात की नाही, हे बाईला स्वतःला दिसायचं. १९५२ मध्ये केगेल यांनी याच स्नायूंचं लैंगिक सुखातलं काम लिहून ठेवलं. गळती आणि लैंगिक सुख, हे दोन्ही धागे सुरुवातीला एकाच हातात होते.

पुढे बहुतेक ठिकाणी यंत्र मागे पडलं आणि तोंडी सूचना उरली. तिचं काय होतं, ते १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. थोडक्यात समजावलेल्या ४७ स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्यांना नीट आवळता आलं. चौथा हिस्सा स्त्रियांची रीत तर गळती वाढवू शकेल अशी होती. ‘खालून आवळा’ म्हटलं की बाई शौचाला कुंथल्यासारखा जोर देते आणि श्वास रोखते, तो हाच प्रकार. वायू अडवताना ओढून घेतो तसं आत-वर ओढायला सांगावं. पोट, मांड्या, कुल्हे ढिले. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. लघवीची धार मधेच तोडून रोजचा सराव करू नये, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

संबंधातली गळतीही एकाच जातीची नाही, हे १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या पॉल हिल्टन यांनी दाखवलं. प्रवेशाच्या वेळी सुटत असेल तर ती बहुधा खोकल्या-शिंकेच्या गळतीची बहीण. सुखाच्या शिखरावर सुटत असेल तर मूत्राशय आपसूक आकसत असण्याची शक्यता अधिक. नियम पक्का नाही, पण उपचार वेगळे पडतात. त्यामुळे ‘सुटते का?’ एवढं विचारून भागत नाही, ‘नेमकी कधी?’ हेही विचारावं लागतं.

विचारायचं कसं, याची चौकट जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दिली. आधी बोलायची मुभा, मग थोडी माहिती, मग नेमक्या सूचना आणि शेवटी तज्ज्ञाकडे पाठवणं. पहिल्या तीन पायऱ्या सिस्टर चढू शकतात. पडद्यामागे, सासू बाहेर बसलेली असताना, एक वाक्य पुरतं: ‘लघवी सुटणाऱ्या बऱ्याच बायकांना संबंधातही त्रास होतो, तुम्हाला होतो का?’

नेमक्या सूचना साध्याच आहेत. आधी लघवी करून घ्यावी, तासभर आधी चहा-पाणी बेताचं, अंथरुणावर जाड टॉवेल. कुशीवर किंवा बाईने वर असणं जमत असेल तर पोटावरचा दाब कमी होतो. निरोध वापरत असतील तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. पाण्यावर आधारित जेल चालतं. आत डेटॉल किंवा साबण कधीच नको.

पाण्याबाबत मात्र जपून. उसाच्या फडात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पिणंच टाळतात. लघवी दाट होऊन मूत्राशय चुरचुरतं, शौचाला खडा होतो, कुंथणं वाढतं आणि गळतीही. ऊसतोडणीला येणाऱ्या बायकांमध्ये कमी वयात ‘पिशवी’ (गर्भाशय) काढलेली आहे का, हेही विचारावं. बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. सोबत अंडाशयही काढले असतील तर योनी कोरडी पडते, संबंध दुखतो. तिथे नुसत्या व्यायामाने भागत नाही. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमसाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यावी. लघवीत रक्त, ताप किंवा अंग बाहेर येत असेल, तर व्यायामाची वही मिटून आधी तपासणी.